गळलेला काना

या, अशा जवळ सरकून बसा. गोष्ट इवलीशीच आहे, पण हळू आवाजात सांगण्याजोगी.

भर दुपार. पलंगावरून खुर्चीत बसवताना सलूनवाला बायकोच्या हातातून निसटला आणि दोघंही जमिनीवर आली. लागलं कुणालाच नाही. पण त्याचं उजवं अंग लुळं, आणि तिची कंबर कधीचीच कामातून गेलेली. तिने त्याच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. तो इंचभर वर आला आणि परत बसला. शेजारी कामावर गेलेले. हाक मारावी तरी कुणाला?

आणि हाकेचं म्हणाल, तर ती त्या घरातून केव्हाच गेली होती.

सलून खाली होतं, घर वर. सलूनवाल्याची कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं झालं की तो जिन्याकडे तोंड करून ओरडायचा, "ऐकतेस ना?" त्याच्या तोंडी बायकोचं नावच ते. वरून ठरलेलं उत्तर यायचं, "बहिरी नाही झाले अजून!" गिऱ्हाईक हसायचं, आणि मागोमाग चहा खाली यायचा.

मग एके दिवशी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. सगळे शब्द गेले. उरलं फक्त एक धृपद. सकाळी आरसे पुसताना तो देवाला आळवायचा, तेच: "दयाळा, ऐकतोस ना..." पाणी हवं असलं तरी तेच, पाठ दुखत असली तरी तेच. बोलायला जावं तर तोंडातून नुसता घरघराट. गाताना मात्र ओळ अशी स्वच्छ यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, याला झालंय तरी काय!

वाचा सुधारायला एक ताई यायच्या. त्यांनी बायकोला समजावलं होतं, "काकू, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते. त्याच वाटेनं शब्द परत आणायचे. मांडीवर ठेका धरायचा आणि तुम्ही त्यांच्याबरोबर गायचं."

"मी नाही गायची."

"का हो?"

"त्यानं यांचे सगळे शब्द नेले," तिने छताकडे बोट दाखवलं, "आणि स्वतःच्या कौतुकाची ओळ तेवढी ठेवून दिली. मोठा हुशार! माझ्यासाठी एक हाक ठेवली असती, तर काय कमी पडलं असतं त्याला?"

तिला दुसरं काही नको होतं. त्याने चालायला नको, सलून उघडायला नको. एक हाक हवी होती. वाट पाहून पाहून तिने हात जोडणंच सोडून दिलं होतं.

आता ती जमिनीवर नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली होती. अंगातलं बळ सरलं होतं. देवावरचा रागसुद्धा सरला होता. रागालाही बळ लागतंच की.

"अहो," ती म्हणाली, "मला नाही हो जमत आता."

त्याने धड असलेला डावा हात हलवला. तिच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि गायला लागला, "दयाळा, ऐकतोस ना..."

ती ऐकत राहिली. मग कोण जाणे कसं, तिचेही ओठ हलले. "दयाळा," तिने सूर लावला. सूर कसला, बेसूरच तो. पण या वेळी ती खरंच देवाला हाक मारत होती. "दयाळा, दयाळा, ऐक..." आणि हुंदका आला. ओळ तिथेच तुटली.

ती त्याने पुरी केली. त्याच चालीत, तिच्या तोंडाकडे बघत.

"...ऐकतेस ना."

"बहिरी नाही झाले अजून!" ती सवयीने फटकन बोलली.

बोलून गेली, आणि मग तिला कळलं. तो अर्ध्या ओठाने हसत होता.

पुढे ती दोघं उठली कशी, ते मला विचारू नका. कंबर तीच, अंगही तेवढंच जड. तिने पाय रोवले, त्याने डाव्या हाताने पलंगाची कड धरली, आणि गात, रडत, हसत दोघं एकदाची खुर्चीपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. सगळं ऐकून घेतलं. बाई मायेच्या, पण शिकलेल्या. खोटी आशा कशी लावणार? "काकू, लगेच फार धरून बसू नका हं. गाताना कधी कधी एखादा काना गळतो. 'तो'चा 'ते' होतो."

"गळू दे की काना," बायको म्हणाली. "मात्रा तर लागू पडली!"

त्या घरात आता रोज सकाळी धृपद होतं. काना कधी गळतो, कधी राहतो. तिचं त्याने काही अडत नाही. तो देवाला विचारतो, "दयाळा, ऐकतोस ना?" आणि स्वयंपाकघरातून देवाच्या वतीने तीच ओ देते, "बहिरी नाही झाले अजून!"

एरवी आपण देवावर भार टाकतो. त्या घरात देवाने आपला भार तिच्यावर टाकलाय. म्हणून आज हात जोडाल, तेव्हा त्या बाईच्या कमरेची तेवढी आठवण ठेवा.