सबळ कारण

"तुम्ही परत याल कशावरून?" काचेपलीकडच्या व्हिसा अधिकारी बाईंनी विचारलं.

हेडक्लार्कसाहेब याच प्रश्नाची वाट पाहत होते. निवृत्तीनंतर युरोपातली हजारो वर्षं जुनी पडझड डोळे भरून पाहायची, हा त्यांचा ध्यास होता. घरातली पडझड त्यांना कधी दिसली नव्हती, तो भाग वेगळा. हॉटेल, विमा, बँकेचे उतारे, सगळं जय्यत तयार होतं. आणि परतीच्या ओढीसाठी हुकमाचा एक्का राखून ठेवला होता.

"घरी आई अंथरुणाला खिळलीय," ते गळा दाटून आणत म्हणाले. "माझ्यावाचून तिचं पान हलत नाही. आम्ही फिरून येईपर्यंत बहीण येऊन राहील. पण ती तरी किती दिवस करणार?"

शेजारी बायको उभी होती. सहलीत जोडप्याला सवलत होती, म्हणून तिचाही अर्ज केला होता. तिला तिथलं काय पाहायचंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"वा. मग सकाळी कोणती औषधं देता त्यांना?" बाईंनी सहज विचारलं.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने औषधं सांगितली.

"रात्री उठावं लागतं?"

साहेबांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं. उठावं लागत असणार, असं त्यांना वाटत होतं. पण त्यांची स्वतःची झोप गाढ होती.

"दोनदा तरी," बायको म्हणाली. "कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात."

बाईंनी बायकोचा पासपोर्ट व्हिसा देण्यासाठी ठेवून घेतला आणि साहेबांचा काचेखालून परत सरकवला.

"यांना परत यावंच लागेल," त्या म्हणाल्या. "तुमचं काही सांगता येत नाही."

उभ्या नोकरीत साहेबांनी कितीतरी अर्ज असेच परत सरकवले होते, पण हे भलतंच होतं. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी मोठ्या मनाने निर्णय देऊन टाकला. "जाऊ दे. तुझंही रद्द करू. एकटी कुठे फिरणार तू?"

बायकोला मनापासून आनंद झाला होता आणि तो लपवायचं तिला सुचलंच नाही. तिने पर्समधून फोन काढला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "ताईंना तेवढं कळवते, येऊ नका म्हणून. तुम्ही आहातच घरी."