तिसरा मजला

"चालायला-पळायला शिकायला कॉलेज लागतं व्हय?" म्हणत काकू फिदीफिदी हसली, तरी पंकजा पहाटेची एसटी धरून राजूरहून नगरला क्रीडाविज्ञानाच्या प्रवेशाच्या मुलाखतीला अगदी वेळेत पोचली. विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! पण डोंगरातली पोर ती, तिन्ही जिने एका दमात चढली आणि कुलूपबंद दारासमोर फाईल छातीशी धरून बसली. बारा वाजले तरी कुणी फिरकेना, तेव्हा खाली येऊन तिनं शिपाईमामांना विचारलं, "मामा, सर कधी येणार?"

"अगं पोरी, लिफ्ट बंद असल्यावर सरांना एवढं चढवतंय व्हय? मुलाखती खालीच उरकल्या, पार्किंगमध्ये."


यादीत तिच्या नावापुढं सरांनी शेरा मारला होता, 'उमेदवार पोचू शकली नाही.'