हातमोजे चालत नाहीत

"हातमोजे चालत नाहीत, हे तुला दहा वेळा सांगून झालंय," बायको म्हणाली आणि त्याने दिलेली जोडी तिने टेबलावर ठेवून दिली.

सोमवारची सकाळ, त्यात हाडं गोठवणारा गारठा, आणि वर हे. त्याचं डोकंच फिरलं. पाऊण तास खपून त्याने त्या मोज्यांची टोकं कापली होती, उसवू नयेत म्हणून कडा शिवल्या होत्या. सुई दोनदा बोटात घुसली होती.

"बोटं उघडी ठेवलीत की."

"तळहातही दिसावा लागतो."

"मग शाल घे."

"घसरते."

"तो चौकड्यांचा जाड स्वेटर?"

"चौकड्यांवर हात नीट दिसत नाहीत. साधा, गडद, एका रंगाचाच लागतो."

"मग आतून दोन घाल."

"आत तीन आहेत."

या बाईला काही म्हणून काही चालत नाही, असं त्याचं ठाम मत होत चाललं होतं. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. कर्णबधिर माणसं व्हिडिओ कॉलवर, पडद्यावर हातांनी बोलायची, ते ती डॉक्टरला नाहीतर वकिलाला तोंडाने सांगायची, आणि त्यांचं उत्तर पुन्हा हातांनी. बोटं आखडली की शब्द चुकतात म्हणे.

तो स्वतः विम्याचे दावे तपासायचा, तेही घरूनच, बाहेरच्या खोलीत. दोन स्वेटर, मफलर, कानटोपी, कमरेपासून खाली रजई. हिटर घरात एकच. दोन लावले की फ्यूज उडायचा. म्हणून एक दिवस तुझा, एक दिवस माझा, असं ठरलं होतं. पण मग त्याचा गुडघा धरला आणि हिटर बाहेरच राहिला.

"आज तरी मला दे ना," ती म्हणाली.

"तुझे हात दिवसभर हलतच असतात. त्यानेच ऊब येते. मी बसून असतो."



"आणि ते पत्र," त्याने मुद्दाम विषय काढला. "नाही म्हणून कळवलंस ना?"

तिच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं होतं. तिकडे येऊन काम करा, बसायला नीट जागा, राहायची सोय, शुक्रवारपर्यंत कळवा. पाच तासांच्या अंतरावरचं गाव.

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"त्यात विचार काय करायचा? घरात बसून काम करायला कुणाचं काय दुखतं?"

खरं तर त्याला धास्ती वाटत होती. ती गेली तर या घरात त्याला करमलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तसं म्हणण्यापेक्षा चिडणं सोपं होतं, आणि चिडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

ती आत गेली. दार लागलं.

दार पातळ होतं. आतलं सगळं ऐकू यायचं. ती घरून काम करू लागली त्या पहिल्याच आठवड्यात त्याने "मला तिसरा महिना चालू आहे" असं ऐकलं होतं आणि आनंदाच्या भरात आईला फोन ठोकला होता. आईने साऱ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं. संध्याकाळी बायको हसून हसून लोळायची बाकी होती. "अरे, समोरची बाई जे म्हणते ते मी तिच्याच शब्दांत बोलते. कॉलवर 'मी' म्हणजे मी नाही!" ती बातमी मागे घेताना त्याच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून आतून काहीही ऐकू आलं तरी तो जागचा हलत नसे.

बुधवारी सकाळी मात्र त्याचे हात कळफलकावर थांबले.

"मी सांगते तेव्हा समोरच्याला नुसते माझे हात हलताना दिसतात," बायकोचा आवाज येत होता. "घरात माझं कुणाला ऐकूच येत नाही. आधी भांडायचे. आता तेही सोडलंय. नाही, मारत वगैरे नाही. माणूस वाईट नाही. पण मी एकटी पडलेय."

आवाज जरा कापला. दुभाष्याला असं गुंतून कसं चालेल, असं त्याला वाटलं. पण त्या अनोळखी बाईसाठी त्याचाही जीव कळवळला.

दुपारी जेवताना त्याच्याने राहवलं नाही. "तुमच्या त्या गुप्ततेच्या नियमात बसत नाही, माहितेय मला. पण सकाळची ती बाई..."

तिचा घास हातातच राहिला. "तू ऐकलंस?"

"सगळं."

"मग?"

"मग काय? नवरा अगदीच दगड दिसतोय. बिचारीने निघून जावं सरळ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "खरंच असं वाटतं तुला?"

"वाटायचंय काय त्यात! अशा माणसाबरोबर कशाला कुढत बसायचं?"

"बरं," ती म्हणाली. ताट उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

शुक्रवार उजाडला. आज मुदत संपेल आणि त्या पत्राची ब्याद एकदाची टळेल म्हणून तो सकाळपासून जरा खुशीत होता. उद्यापासून हिटर तिला द्यायचा, असंही त्याने मनाशी ठरवलं. आतून तिचा आवाज येत होता. त्याचा फोन वाजला. तिच्या कचेरीतून कुणी बाई बोलत होत्या.

"ताईंचा फोन मघापासून व्यस्त लागतोय. एवढा निरोप द्याल? त्यांची इकडची खोली तयार आहे. सोमवारी यायला हरकत नाही."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," तो म्हणाला. "ती येणार नाहीये."

"अहो, बुधवारी दुपारी स्वतः होकार कळवलाय त्यांनी."

"शक्यच नाही. बुधवारी ती दिवसभर कॉलवर होती. मी इथेच होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. आत्तासुद्धा कॉलवरच आहे." त्याने फोन दाराकडे धरला. "हो, मी निघतेय," आतून आवाज येत होता, "नाही, त्याला अजून कळलेलं नाही." "ऐकलंत?" तो म्हणाला. "चालू आहे तिचं काम."



"काम कसं चालू असेल? ताई मंगळवारपासून रजेवर आहेत."