खांद्याबाहेर

नव्या औषधाच्या चाचणीत तेच ते प्रश्न विचारून सिस्टरचा जीव मेटाकुटीला आला होता. कुठे दुखतं ते रुग्णानेच कागदावरच्या माणसाच्या चित्रात रंगवायचं, असा नियम होता.

समोर बसलेल्या आजोबांनी चित्र कोरंच ठेवलं आणि डाव्या खांद्याबाहेर, मोकळ्या कागदावर पेन्सिलने गिरवलं.

"आजोबा, अंगावर रंगवा की!"

"दुखतंय तिथेच रंगवतोय, सिस्टर."

सिस्टरने कपाळाला हात लावला आणि सकाळपासूनचे फॉर्म चाळले. आधीच्या अकराही रुग्णांनी तिथेच गिरवलं होतं.

आजोबा गेल्यावर ती आपला आखडलेला डावा खांदा दाबायला गेली. हात खांद्यावर थांबलाच नाही. वीतभर पलीकडे, हवेतच, कशावर तरी टेकला. ते कोमट होतं.

तिने तिथेच दाबलं. दिवसभरात पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.