पाळलेला मलेरिया

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी मलेरिया पाळला होता," आजोबा म्हणाले. "लोक मांजर पाळतात ना, तसा."

चिंगीने मूठ उघडली नाही. तिचा ताप हटत नव्हता, आणि तो मलेरियाचा की आणखी कसला, हे रक्त पाहिल्याशिवाय डॉक्टर औषध द्यायला तयार नव्हते. रक्त घेणाऱ्या ताई सुई घेऊन ताटकळल्या होत्या. मागची रांग चुळबुळत होती.

"मलेरिया कुठे पाळतात?" चिंगीने मूठ आणखी आवळली.

"प्रयोगशाळेत. नोकरीच होती माझी. काचेच्या बशीत माणसाचं रक्त, आणि त्यातल्या तांबड्या पेशींत ते बारके जंतू. तिथेच राहायचे, तिथेच खायचे. रोज त्यांचं पाणी बदलायचं. हवा मात्र कमी लागायची लाडोबांना. म्हणून बशा मोठ्या बरणीत ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची आणि झाकण गच्च. मेणबत्ती गुदमरून विझली, की यांची चंगळ!"

इथवर सगळं खरं होतं. पण आजोबांची गाडी आता उताराला लागली.

"रविवारी मी गेलो नाही की रुसायचे. सोमवारी तोंड फिरवून बसायचे."

"जंतूंना तोंड असतं?"

"माझ्या लाडाने फुटलं! आणि एकदा काय झालं, रक्तपेढीतून रक्तच आलं नाही. सगळे उपाशी. साहेबांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, साहेब, मी मेलोय का? बाही सरकवली, दंड पुढे केला. ही अशी दाभणाएवढी सुई! मी तिच्याकडे टक लावून बघत होतो."

"टक लावून?"

"पापणी हलली असेल तर नाव बदलीन."

चिंगीने आजोबांकडे पाहिलं. मग सुईकडे पाहिलं. मूठ सैल झाली. ताईंनी ती संधी सोडली नाही. बोट धरलं, पुसलं, टोचलं. चिंगी ओठ दाबून बघत राहिली. लाल थेंब फुगून वर आला. ताईंनी तो काचपट्टीवर टिपून पसरवला.

"झालंसुद्धा!" त्या म्हणाल्या. "धीट आहेस गं."

आपलं बोट दाखवायला चिंगी आजोबांकडे वळली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "थापाडे कुठले! आजोबा, उघडा आता डोळे!"