पेटी बंद असताना

"किती वेळ बंद राहील?" मैनाकाकींनी विचारले.

"दहा-पंधरा मिनिटे," शुभदा म्हणाली.

शाळेच्या भिंतीवरची ती पेटी वरच्या उतारात पुरलेल्या सेन्सरांवर लक्ष ठेवी. माती सरकली की भोंगा वाजवायचा, एवढेच तिचे काम. तळीयेच्या दरडीनंतर वाडीने ती बसवून घेतली होती. गेल्या आठवड्यात वीज गेली, आली, आणि पेटी आतल्या आत गोठली. दोन दिवस कुणाला कळलेच नाही. ती बनवणारी कंपनी आता नव्हती. म्हणून दुरुस्तीला बोलावलेल्या शुभदाने आधी महाडला घरी, तशाच दुसऱ्या पेटीतल्या प्रोसेसरवर, ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फुकट मिणारी आणि आतला प्रोग्राम कुणालाही वाचता-बदलता येणारी, बसवून पाहिली होती. तिथे ती चालली होती.

मैनाकाकी पायरीवर बसल्या. पेटीकडे पाठ, डोंगराकडे तोंड.

"कर बंद. तवर मी बघते."

शुभदाने नवी सिस्टिम चढवली. पेटीकडून लॅपटॉपवर येणाऱ्या अक्षरांऐवजी चौकोन उमटले. पुन्हा चढवली. पुन्हा चौकोन.

"फुकटातली हाय ना, ताई," मुंबईहून सुटीवर आलेला काकींचा किशोर हसला. "रिचार्ज मागत असंल. जुनीच टाका परत. निदान दिवा तरी लागत व्हता."

"गोठली होती तेव्हाही दिवा लागलेलाच होता," शुभदा म्हणाली.

"गप रे, किशोर," काकी मान न वळवता म्हणाल्या.

शुभदाने भिंग काढले. प्रोसेसरला ताल देणाऱ्या बारक्या स्फटिकावरचा आकडा वाचला. घरच्या पेटीत तो आठचा होता. इथे बाराचा; ताल चुकला म्हणून अक्षरे बिघडत होती. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच. मोबाईलला रेंज नव्हती, पण कुणाला विचारायची गरजही नव्हती. सगळा प्रोग्राम तिच्यासमोर उघडा होता. तिने त्यातला आठाचा आकडा बारा केला आणि सिस्टिम नव्याने तयार करून चढवली.

अक्षरे सरळ आली. तिने वीज तोडली, जोडली, पुन्हा तोडली. पेटी दर वेळी आपणहून सुरू झाली. मग किशोरने वर जाऊन सेन्सरचा खुंटा हलवला आणि भोंगा वाजला. वाडीला आधी सांगून ठेवले होते, तरी दोन बायका मुले काखेला घेऊन अंगणात आल्या.

"झालं, काकी. आता ती बघेल. उठा."

काकी उठल्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"नवी हाय ना गो. पयल्या दिवशी एकटी कशाला?"