तीन तुकड्यांचा शब्द

दवाखान्याच्या कागदावर एका शब्दाखाली नखाची रेघ होती. शाई नव्हती, पण कागद इतका दबला होता की रेघ मागच्या बाजूलाही उमटली होती.

"हायपॉक्झिमिया," कारखान्याच्या साहेबांनी वाचलं. "ताई, तुमच्या भावाला रक्ताचा आजार होता. टाकी साफ करायला उतरला आणि तेव्हाच उफाळून आला. कोणाच्या हातात काय असतं? इथे सही करा, आजाराने गेला म्हणून."

"आजार?" ताई बसली नव्हती. "आदल्या दिवशीपर्यंत पन्नास किलोची पोती घेऊन जिना चढत होता तो. तेव्हा कुठे गेलं होतं हे दुखणं, सुट्टीवर?"

साहेब लॅबच्या मॅडमकडे वळले. "तुम्ही शास्त्रातल्या. जरा समजावून सांगा ह्यांना."

मॅडमनी कागद जवळ ओढला. "जुन्या ग्रीकमधून जोडून केलेला शब्द आहे. हायपो म्हणजे कमी. मध्ये ऑक्सिजन. शेवटी एमिया, म्हणजे रक्तात. रक्तात ऑक्सिजन कमी पडला."

"तेच मी म्हणतोय."

"नाही साहेब. हे आजाराचं नाव नाही. काय झालं तेवढं हा शब्द सांगतो. का झालं, ते त्यात नाही."

"मग तुम्ही सांगा की," ताई म्हणाली. "का तुमचंही तोंड शिवलंय? सोळा दिवस खेटे घालतेय मी इथे."

"मॅडम, एवढं पुरे," साहेब हळूच म्हणाले.

मॅडमनी कागद ताईकडे सरकवला.

"आग लागू नये म्हणून त्या टाकीत नायट्रोजन भरतात, त्याने आतला ऑक्सिजन निघून जातो. माणूस उतरण्याआधी ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरची नळी तळापर्यंत सोडून हवा तपासायची असते. नळी जोडायला दहा मिनिटं लागतात, म्हणून आमच्याकडे मीटर झाकणापाशीच धरतात. तिथे बाहेरचीच हवा. आकडा रोज बरोबर येतो. त्या दिवशीही आला."

"आणि त्याला उतर म्हणून कोणी सांगितलं?"

"उतरायच्या परवान्यावर सही लागते. ती माझी आहे. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते."

ताईची मूठ टेबलावर आदळली.

"स्वतःला कुठे नेऊन ठेवताय, कळतंय का तुम्हाला?" साहेब उभे राहिले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "ताई, उद्या अकराला तपास अधिकारी येणार आहेत. हे सगळं मी त्यांना लिहून देणार आहे. माझ्या सहीपासून."